हिंदीची यादी तेलुगूला पुरत नाही : डेस्कटॉप लिनक्सवरच्या तेलुगू चाचणीच्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर

काम हातात आलं. आमच्या डेस्कटॉप लिनक्स प्रणालीची पुढची आवृत्ती तेलुगूतही द्यायची आहे. पाया डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली, वर ग्नोम हा डेस्कटॉप, सत्र वेलँड या पडदा-व्यवस्थेचं. सोबत मागच्या आवृत्तीची तपासयादी मिळाली. उघडून पाहिली तर ती मूळ हिंदीची. कुणीतरी छोटी स्क्रिप्ट लिहून देवनागरी अक्षरांचे कोड सरसकट तेलुगूकडे सरकवले आहेत.

असं करावंसं का वाटलं असेल हे कळतं. युनिकोडमधले भारतीय लिप्यांचे कप्पे 'इस्की' या भारतीय मानकाच्या मांडणीवर बेतलेले आहेत, त्यामुळे ते एकमेकांना समांतर आहेत. देवनागरी यू+०९०० पासून, तेलुगू यू+०सी०० पासून, दोन्हींत १२८ जागा. देवनागरी क ०९१५ वर, तेलुगू क ०सी१५ वर. सोळाच्या पायात ३०० मिळवले की अक्षरं तेलुगू दिसायला लागतात. शब्द मात्र हिंदीच राहतात.

पहिल्या पानावरच दोन गमती सापडल्या. हिंदीचा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, सरकून ०सी३सी वर गेला. तेलुगूत ती जागा २०२१ च्या युनिकोड १४ पर्यंत रिकामी होती, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो आणि मागच्या अहवालात 'नापास' असा शेरा पडला आहे. दुसरी गंमत जास्त मजेची. क़ हे अक्षर जिथे एकाच कोडात, ०९५८ वर, लिहिलं होतं, तिथे ते ०सी५८ झालं. तेलुगूत तिथे क नाहीच, तिथे 'चमचा' म्हणताना आपण जो च उच्चारतो त्याचं जुनं अक्षर आहे. शेजारी ०सी५९ वर 'जावई'मधल्या ज चं अक्षर. या उच्चारांसाठी आपल्या बाराखडीत वेगळी अक्षरं नाहीत, त्यामुळे तेलुगूचा थोडा हेवा वाटला.

यादीत जे नाही ते जास्त महत्त्वाचं. ऱ्हस्व ऎ आणि ऱ्हस्व ऒ एकदाही आलेले नाहीत, कारण हिंदी लिहिताना ते लागत नाहीत. तेलुगूत 'मॆड' म्हणजे मान आणि 'मेड' म्हणजे माडी. भाषेच्या नावातच, 'तॆलुगु' लिहिताना, पहिलाच स्वर ऱ्हस्व आहे. त्याची चाचणी न करता तेलुगू 'पास' झाली होती.

ठरवलं: यादी दुरुस्त करत बसायचं नाही, नवी करायची. मला लिपी अक्षर लावून वाचता येते, भाषा जेमतेम समजते. त्यामुळे यंत्र काय करतं ते मी पाहणार, दिसतं ते बरोबर की चूक हे आमच्या तेलुगूभाषक परीक्षक सांगणार. त्यांचा शब्द शेवटचा.

३ सप्टेंबर

इन्स्टॉलर. चित्रमय पद्धतीत तेलुगू आहे, निव्वळ मजकुराच्या पद्धतीत नाही, आणि ते योग्यच आहे. लिनक्सच्या काळ्या कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती राहतात आणि अक्षरं जोडण्याची सोय नाही. तिथे मराठीचीही हीच गत.

त्यातून आमच्याकडे एक भोक राहतं. लोकेल, म्हणजे प्रणालीची भाषा आणि प्रदेश ठरवणारी सेटिंग, तेलुगू ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ दाबून कन्सोलवर गेलं की सगळे संदेश चौकोनांत येतात. यंत्र बिघडलेलं असतानाच माणूस तिथे जातो, म्हणजे नेमकं वाचता यायला हवं तेव्हा वाचता येत नाही. लॉगिनच्या वेळी टर्मिनलचा प्रकार तपासून, तो निव्वळ कन्सोल असेल तर संदेशांची भाषा इंग्रजी करायची असा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, दिला. छोटा आहे, कुणी हरकत घेतली नाही.

वारांची नावं पाहिली. जुन्या यादीत मंगळवारसाठी अपेक्षित उत्तर ल घालून लिहिलेलं आहे, हिंदी 'मंगलवार'वरून आलेलं. तेलुगूत तो 'मंगळवारं', ळ सकट. प्रणाली बरोबर दाखवते, यादी चूक. घड्याळ आणि दिनदर्शिकेत आकडे इंग्रजी पद्धतीचे येतात. तेलुगू अंक युनिकोडमध्ये आहेत, पण रोजच्या व्यवहारात कुणी वापरत नाही, म्हणून आहे तेच ठेवा, असं परीक्षक म्हणाल्या. मराठी लोकेलमध्ये बऱ्याच ठिकाणी देवनागरी अंक आपसूक येतात, त्यामुळे मी इथेही तशीच अपेक्षा धरून बसलो होतो.

५ सप्टेंबर

फॉन्ट. 'एफसी-लिस्ट' या फॉन्टची यादी देणाऱ्या आज्ञेला तेलुगूसाठी काय आहे विचारलं तर लोहित तेलुगू, नोटो सॅन्स तेलुगू, नोटो सेरिफ तेलुगू, शिवाय पोतना आणि वेमना. शेवटचे दोन तेलुगू कवींच्या नावांचे. प्रश्न किती फॉन्ट आहेत हा नाही, मागितल्यावर कोणता पुढे येतो हा आहे. 'एफसी-मॅच'ला साधा सॅन्स फॉन्ट तेलुगूसाठी मागितला तर आमच्या बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठी बांधलेल्या प्रतीत, लोहित येतो. वाचायला तो छान आहे, पण त्यात एकच वजन आहे, ठळक रूप नाही. मग शीर्षकासाठी प्रणाली त्याच अक्षरांच्या रेघा कृत्रिमपणे जाड करते. देवनागरीत हे एक वेळ खपून जातं. तेलुगू अक्षरं मुळात गोल, त्यांच्या पोटातली पोकळी लहान. रेघ जाड झाली की ती पोकळी बुजते आणि सेटिंगच्या पानावरची शीर्षकं काळे ठिपके वाटायला लागतात.

लहान आकाराची अडचण वेगळी. तेलुगूत द आणि ध, प आणि फ यांतल्या फरकाचा मोठा भाग अक्षराखालच्या एका बारक्या उभ्या रेघेवर आहे. कमी घनतेच्या पडद्यावर, सूचनेच्या बारीक अक्षरात, ती रेघ एका पिक्सेलची उरते किंवा अक्षराला चिकटते. परीक्षक संदर्भावरून वाचतात, मला ते जमत नाही. म्हणजे या एका बाबतीत माझं अडाणीपण चाचणीच्या उपयोगाला आलं.

नोटो सॅन्स तेलुगूत अगदी बारीक ते अगदी ठळक अशी सगळी वजनं आहेत. फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या नियमांत तेलुगूसाठी तो पुढे आणला, सेरिफसाठी त्याचाच जोडीदार. लोहित काढलेला नाही. जुन्या फाइलींमध्ये त्याचं नाव असतं.

८ सप्टेंबर

आज जोडाक्षरं. सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार हे माहीत होतंच.

मराठी वाचकाला तेलुगू जोडाक्षराची रचना आधी सांगावी लागते. आपण पहिलं व्यंजन अर्धं करतो आणि पुढचं पूर्ण लिहितो. तेलुगूत पहिलं व्यंजन पूर्ण राहतं, पुढचं लहान होऊन त्याच्या खाली जातं. या खालच्या रूपाला 'वत्तु' म्हणतात. आणि स्वरचिन्ह बसतं ते पहिल्या, वरच्या व्यंजनावर. 'स्त्री' लिहिलं की स मोठा, त्याच्या डोक्यावर वेलांटी, खाली त आणि र चे वत्तु. उच्चारात शेवटी येणारा ई डोळ्यांना आधी दिसतो. शिवाय सुट्या व्यंजनाच्या डोक्यावर जी बरोबरच्या खुणेसारखी रेघ असते, तलकट्टु, ती काही स्वरचिन्हं लागताच गायब होते. म्हणजे काना-मात्रा अक्षराशेजारी नुसती ठेवून भागत नाही, अक्षराचा आकारच बदलावा लागतो. हे काम हार्फबझ हे ग्रंथालय, म्हणजे अनेक अॅपनी वापरायचा तयार कोड, फॉन्टमधल्या नियमांच्या मदतीने करतं. ग्नोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळीकडे तेच असल्यामुळे एकदा तिथे नीट झालं की बहुतेक ठिकाणी नीट होतं.

हार्फबझच्या 'एचबी-व्ह्यू' या साधनाने प्रत्येक फॉन्टमध्ये चित्रं काढली. निवडलेले शब्द: राष्ट्रं, स्त्री, लक्ष्मि, ज्ञानं, त्रैमासिकं, स्थैर्यं. शेवटचा परीक्षकांनी सुचवला, आणि तो खरा कस पाहणारा निघाला. तेलुगूच्या ऐ चिन्हाचे दोन भाग आहेत, एक डोक्यावर, एक पायाशी. 'स्थै'मध्ये स च्या खाली थ चा वत्तु आणि ऐ चा खालचा भाग असे दोघेही एकाच जागेवर हक्क सांगतात. नोटोमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले. एका सजावटी फॉन्टमध्ये एकावर एक चढले. तो फॉन्ट आमच्या मूळ संचातून काढला.

रफाराचं प्रकरण. जुन्या यादीतली ओळ: 'र्क लिहिल्यावर रफार वर दिसला पाहिजे.' मागच्या अहवालात याला 'नापास, गंभीर' म्हटलंय. इथे दोष प्रणालीचा नाहीच. आजच्या तेलुगूत र पूर्ण राहतो आणि क त्याच्या खाली जातो. रफारासारखं चिन्ह तेलुगूतही आहे, 'वलपलगिलक' त्याचं नाव, पण ते जुन्या छपाईत भेटतं. ते हवंच असेल तर र आणि हलन्तानंतर जोडणारा अदृश्य कोड, म्हणजे झेडडब्ल्यूजे, मुद्दाम घालावा लागतो. घालून पाहिला, आलं. कन्नड लिपी तेलुगूची सख्खी बहीण, तरी तिथे असंच चिन्ह, अर्कावत्तु, काही न सांगता आपोआप उजवीकडे येतं. उद्या कुणी ही तेलुगू यादी कन्नडकडे सरकवायला निघालं तर हा परिच्छेद दाखवावा.

फेब्रुवारी २०१८ मधला तो प्रसिद्ध मजकूरही चालवला. ज, हलन्त, ञ, मग न जोडणारा अदृश्य कोड आणि वर काना. एवढ्या एका तेलुगू अक्षराने त्या वेळी आयओएस ११ वरची अॅप कोसळत होती आणि घाईने दुरुस्ती काढावी लागली होती. आमच्याकडे काहीच घडत नाही, अक्षर निमूटपणे उमटतं. तरी फाइलीच्या नावात, सूचनेत, शोधाच्या चौकटीत आणि वायफायच्या नावात घालून पाहिलं. वायफायचं नाव बाहेरचा माणूस ठरवतो, म्हणून ते सोडायचं नाही.

१० सप्टेंबर

अक्षरं बरोबर जुळली, आता ती कापली जातात. मला विचाराल तर या कामातला सगळ्यात मोठा दोषसमूह हाच, आणि यादीत त्याला एक ओळही नव्हती.

देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो, खाली उकार आणि एखादं जोडाक्षर एवढंच उतरतं. तेलुगूत 'राष्ट्रं' लिहिलं की ष च्या खाली ट, त्याला लागून र. ओळीखाली चांगली खोल जागा लागते. मजकुराची मांडणी करणारं पॅंगो हे ग्रंथालय ओळीची उंची मोजताना त्या ओळीत प्रत्यक्ष वापरलेले सगळे फॉन्ट पाहतं, म्हणून साध्या लेबलला जागा मिळते. अडचण येते ती कुणीतरी उंची आधीच ठरवून टाकली असेल तिथे.

असं ठरवून टाकणारे आम्हीच. वरच्या पट्टीची उंची आमच्या थीममध्ये कमी केलेली आहे, सडसडीत दिसावी म्हणून. तिथे तारखेतला वत्तु खालून छाटला जातो. 'स्वागत' अॅपमध्ये ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट बांधलेली आणि बाहेर जाणारा मजकूर लपवा अशी सूचना. इंग्रजीत याचा पत्ताही लागत नाही, हिंदीत क्वचित लागतो. तेलुगूत 'राष्ट्रं' नुसतं 'राषं' वाचता येतं. हे फक्त दिसायला वाईट नाही, वत्तु कापला की व्यंजनच गेलं आणि शब्द बदलला. परीक्षकांनी एका बटणावरचा मजकूर मला फोनवर वाचून दाखवला तो वेगळाच शब्द होता, आणि त्यांना खात्री होती की भाषांतर चुकलंय.

दोन ओळींच्या मजकुरात आणखी एक प्रकार. वरच्या ओळीतला खोल वत्तु आणि खालच्या ओळीतल्या अक्षरावरची वेलांटी एकमेकांना भिडतात. मुद्दाम असा मजकूर रचला की पहिल्या ओळीत बरोबर 'स्त्री'च्या खाली दुसऱ्या ओळीत 'की' यावी. फाइल-व्यवस्थापकात चिन्हाखालच्या दोन ओळींच्या नावात टक्कर झाली.

थीम सांभाळणाऱ्यांशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, तेलुगूसाठी वेगळी थीम द्या. माझं म्हणणं, वेगळी थीम म्हणजे दर आवृत्तीला पुन्हा हेच. बांधलेली उंची काढून किमान उंची ठेवा, इंग्रजीत काहीही फरक दिसणार नाही. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, इंग्रजी आधीचं आणि इंग्रजी नंतरचं, आणि कोणतं कोणतं ते ओळखा म्हटलं. पॅच गेला.

वरच्या पट्टीचा प्रश्न तेवढा अडकला आहे. तिथे उंची वाढवायला कुणी तयार नाही.

१२ सप्टेंबर

कीबोर्ड. इथे मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. इनस्क्रिप्ट हा कळांचा आराखडा सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. क जिथे मराठीत तिथेच तेलुगूत, हलन्त त्याच डी कळीवर. हात सवयीने चालत राहतात, पडद्यावर तेलुगू उमटतं. फक्त ऱ्हस्व ऎ ची मात्रा झेड कळीवर आणि ऱ्हस्व ऒ ची एकच्या डावीकडच्या कळीवर. मराठी लिहिताना या दोन कळांकडे बोट कधी जात नाही, म्हणून सुरुवातीला माझं प्रत्येक 'तॆलुगु' दीर्घ होत होतं.

पण इनस्क्रिप्ट वापरणारे कमी, असं परीक्षकांचं म्हणणं. त्या स्वतः रोमन अक्षरांतून लिहितात, राइस विद्यापीठातून आलेल्या आरटीएस पद्धतीने. ती आयबस या टंकन-व्यवस्थेतून, एम१७एन या लेखनपद्धतींच्या संचामार्फत मिळते. म्हणून पहिल्यांदा भाषा निवडल्यावर दोन्ही पर्याय पुढे ठेवायचे, एकच गळ्यात मारायचा नाही.

आजचा गंभीर बग पासवर्डचा. आमचा इन्स्टॉलर तेलुगू निवडल्यावर एक्सकेबीचा, म्हणजे प्रणालीच्या मूळ कीबोर्ड-व्यवस्थेचा, तेलुगू आराखडा यादीत पहिला टाकतो. पासवर्ड ठरवताना मात्र कीबोर्ड इंग्रजी असतो. पहिल्या लॉगिनला तेलुगू आराखडा चालू, पडद्यावर ठिपके, माणूस तीच बोटं तशीच चालवतो आणि दार उघडत नाही. आयबसच्या मार्गाने हे होत नाही, कारण पासवर्डच्या चौकटीत आयबस बाजूला होतं आणि साधी रोमन अक्षरं जातात. एक्सकेबीचा आराखडा त्याहून खालच्या पातळीवर, तो तसाच चालू राहतो. वरवर दोन्ही 'तेलुगू कीबोर्ड'च, वागणं उलटं. दुरुस्ती: इंग्रजी आराखडा नेहमी पहिला, तेलुगू दुसरा, आणि लॉगिनच्या पडद्यावर चालू आराखड्याची खूण ठळक.

इंग्रजी आराखडा यादीत असण्याचा आणखी एक फायदा आहे. तो नसेल तर कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही यांना धरायला रोमन अक्षरच सापडत नाही आणि काही अॅपमध्ये नक्कल-डकव बंद पडतं.

१५ सप्टेंबर

कर्सर. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर, आत सहा कोड: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. बाणाची कळ एकदा दाबली की कर्सर कुठे जावा? जुन्या नियमाने हलन्तापाशी तुकडा पडायचा, म्हणजे तीन थांबे, आणि मधले दोन थांबे अक्षराच्या पोटात. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नवा नियम आला, हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकच अक्षरगट धरायची. देवनागरी, तेलुगू, बंगाली, गुजराती, ओडिया आणि मल्याळम यांना तो लागू आहे. आमच्या बिल्डमध्ये एक संपादक नवा नियम पाळतो, दुसरा जुना. त्यामुळे एकाच मजकुरात दोन खिडक्यांत कर्सर वेगवेगळा उड्या मारतो. ग्रंथालय अद्ययावत झालं की आपोआप सुटेल, आपण हात लावायचा नाही.

बॅकस्पेस वेगळं. तिथे एकेक कोड मागे जाणं हवंच असतं, शेवटचं स्वरचिन्ह चुकलं म्हणून अख्खी 'स्त्री' पुसली जाऊ नये. हे सगळीकडे बरोबर आहे.

टर्मिनलवर थांबलो. टर्मिनल प्रत्येक गोष्ट समान रुंदीच्या घरात बसवतो आणि कोणत्या कोडला किती घरं हे युनिकोडच्या वर्गावरून ठरतं. तेलुगूत इकाराचं चिन्ह जागा न घेणाऱ्या वर्गात, उकार जागा घेणाऱ्या. म्हणून 'कि'ला एक घर, 'कु'ला दोन. देवनागरीत बरोबर उलट: ऱ्हस्व वेलांटीला जागा, उकाराला नाही. अनुस्वार आपला डोक्यावरचा टिंब, त्याला घर नाही, तेलुगूचा अनुस्वार ओळीतलं पूर्ण वर्तुळ, त्याला घर आहे. वत्तुची तर पंचाईतच, दिसायला तो खाली पण हिशेबात त्याला वेगळं घर, म्हणून पुढे पोकळी राहते. रकाने सगळे सरकतात. हा आमच्या हातातला प्रश्न नाही. 'ज्ञात मर्यादा' या सदरात लिहून टाकला.

१७ सप्टेंबर

फाइलींची नावं. मला वाटलं होतं सकाळी संपेल.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या डिस्क-पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तेलुगूचा प्रत्येक कोड तीन बाइट, म्हणजे नावात ८५ कोड. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण 'स्त्री'सारख्या एका अक्षराला १८ बाइट, अशी चौदा अक्षरं झाली की संपलं. सरकारी परिपत्रकांची नावं लांबलचक असतात. पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, तिथे तेवढेच तेलुगू कोड मावतात. म्हणून पेन ड्राइव्हवर व्यवस्थित असलेली फाइल घरच्या फोल्डरमध्ये उतरत नाही. आमचा फाइल-व्यवस्थापक नुसतं 'चूक झाली' म्हणतो. 'नाव फार लांब आहे, लहान करून ठेवू का?' असा प्रश्न यावा अशी मागणी टाकली.

दुसरा प्रकार जास्त फसवा. तेलुगू ऐ चं चिन्ह ०सी४८ या एका कोडातही लिहिता येतं आणि ०सी४६ व ०सी५६ अशा दोन कोडांतही. युनिकोडच्या मते दोन्ही समान. ईएक्सटी४ च्या मते नाहीत, ते नुसते बाइट बघतं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं सुटी करून ठेवली जातात, त्यामुळे तिथून आलेली 'त्रैमासिकं' आणि इथे टंकलेली 'त्रैमासिकं' एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात. दिसायला तंतोतंत एक. शोधलं तर एकच सापडते. देवनागरीच्या दोन मात्रांच्या ऐ ला असं विघटनच नाही, त्यामुळे हिंदीच्या यादीतून हा दोष जन्मात सापडला नसता. शोधताना दोन्ही बाजू एका रूपात आणून मग तुलना करायची, असा पॅच शोधाच्या भागात दिला. साठवलेल्या नावांना हात लावलेला नाही, लोकांच्या फाइलींची नावं परस्पर बदलणं आपल्या अधिकारात नाही.

१९ सप्टेंबर

लिबरऑफिस. तेलुगूचा फॉन्ट आणि भाषा 'जटिल मजकूर मांडणी' या गटातून ठरतात, पाश्चात्त्य मजकुराच्या गटातून नाही. नव्या माणसाला हे सापडत नाही, तो वरच्या यादीतून फॉन्ट बदलत राहतो. तेलुगू लोकेल असेल तर ती सेटिंग आधीच चालू करून दिली. हनस्पेल या शुद्धलेखन-तपासकाचा तेलुगू शब्दकोश बसवला. मात्र तेलुगूत प्रत्यय एकामागून एक चिकटत जातात, 'माट्लाडुकुंटुन्नारु' एवढा एक शब्द म्हणजे 'आपसात बोलताहेत' हे अख्खं वाक्य, त्यामुळे बरोबर शब्दांखालीही लाल नागमोडी रेघ खूप येते.

पीडीएफ. 'राष्ट्रीय'मध्ये वेलांटी ष वर आधी येते, वत्तु नंतर. पीडीएफमध्ये आकृत्या चित्राच्या क्रमाने लिहिल्या आणि मूळ मजकूर सोबत दिला नाही, तर नक्कल करताना वेलांटी हलन्ताच्या आधी बाहेर पडते आणि शब्द मोडतो. 'पीडीएफ म्हणून निर्यात' केल्यावर मजकूर शाबूत. छपाईच्या खिडकीतून पीडीएफ केल्यावर मोडलेला. मार्गदर्शिकेत पहिलाच मार्ग लिहिला.

२३ सप्टेंबर

परीक्षकांसोबत भाषांतराचं वाचन. मेन्यूतले पर्याय निवडायच्या रोमन अक्षराच्या कळा कंसात शेवटी ठेवल्या आहेत, ते ठीक. लांब शब्दांमुळे बटणं फुगतात, काही ठिकाणी शब्द तीन टिंबांत हरवतो आणि 'रद्द' कोणतं नि 'पुसा' कोणतं ते कळत नाही. ही दोन बटणं आधी दुरुस्त करा, बाकीची नंतर, असं त्यांनी बजावलं.

वाक्यात फाइलीचं नाव घालायची जागा असते, तिला तेलुगूत 'लो' हा प्रत्यय चिकटून येतो, आपल्या 'त'सारखा. नाव रोमन असेल तर प्रत्यय त्याला चिकटून विचित्र दिसतो, सुटा ठेवला तर तेलुगू वाचकाला खटकतो. परीक्षकांनी वाक्यच फिरवलं: '...या फोल्डरमध्ये' असं, म्हणजे प्रत्यय 'फोल्डर'ला लागतो आणि नाव सुटं राहतं. मराठी भाषांतरातही हे करण्यासारखं आहे, तिथल्या चमूला कळवलं.

ऑर्का पडदा-वाचक ईस्पीक एनजी च्या तेलुगू आवाजात चालवला. आवाज यांत्रिक, पण 'मॆड' आणि 'मेड' वेगळे ऐकू येतात. पुरे.

२६ सप्टेंबर

आवृत्तीआधीची शेवटची फेरी. पासवर्ड, कापली जाणारी बटणं, ऐ चा शोध, कन्सोलची भाषा: बंद. लांब नावाचा संदेश पुढच्या आवृत्तीत. टर्मिनल ज्ञात मर्यादांत.

वरच्या पट्टीवर शेवटी तडजोड झाली. उंची आहे तीच, पण तेलुगूत तारखेचा फॉन्ट एक आकार लहान. परीक्षकांना दाखवलं. 'वत्तु दिसतो, पण बारीक आहे, चष्मा लागेल,' म्हणाल्या. बग उघडाच ठेवला आहे.

हिंदीची सरकवलेली यादी भांडारातून काढून टाकली. नवी यादी परीक्षकांच्या शब्दांसकट तिच्या जागी आहे, 'स्थैर्यं' सगळ्यात वर.